स्कोर बघून डाव खेळा : बॅकगॅमनच्या पटावरून दुकानदारीचा एक हिशोब



मागच्या व्हिडिओत मी टेबलावर पट मांडला, फासे टाकले, आणि दोन-तीन जणांचे लगेच फोन आले, "सर, जुगार शिकवून राह्यले का आता?" नाही बाप्पा. एक रुपया लावायचा नाही. पण व्हिडिओ बारा मिनिटांचा होता आणि आकडेमोड घाईत झाली, ती इथे निवांत मांडतो. वही-पेन जवळ ठेवा. गणित सातवीचंच आहे, पण डोक्यात होत नाही.

सुरुवात क्रिकेटपासून करू, ते सगळ्यांना कळतं.

फेब्रुवारी-मार्च २०२५. नागपूरजवळ जामठ्याला रणजीची फायनल, आपला विदर्भ आणि समोर केरळ. विदर्भाने पहिल्या डावात ३७९ केले, केरळ ३४२ वर आटोपलं. आघाडी फक्त ३७ ची. मग विदर्भाने काय केलं? दुसऱ्या डावात खेळतच राहिले. ९ बाद ३७५. मॅच ड्रॉ झाली आणि पहिल्या डावातल्या आघाडीवर ट्रॉफी आपली, तिसऱ्यांदा. तेव्हा माझ्या काउंटरसमोर मोबाईलवर मॅच बघत उभा असलेला एक गिऱ्हाईक वैतागला होता, "काय बोर खेळून राह्यले, डिक्लेअर करा अन् टाका ना त्याईले आउट!"

त्याचं म्हणणं साखळी सामन्यात बरोबर ठरलं असतं. रणजीच्या साखळीत सरळ जिंकलं तर ६ गुण, डावाने किंवा दहा गड्यांनी जिंकलं तर ७, आणि ड्रॉ होऊन पहिल्या डावात आघाडी असेल तर ३. तिथे धोका पत्करून जिंकायला जाण्यात अर्थ आहे, कारण ३ चे ६ होतात. फायनलमध्ये तसं नाही. तिथे ३७ च्या आघाडीनेही तीच ट्रॉफी आणि डावाने जिंकूनही तीच ट्रॉफी. मोठ्या विजयाची किंमत शून्य. मग त्यासाठी हरायचा धोका कशाला घ्यायचा?

खेळाडू तेच, पिच तेच, बॅट तीच. पण स्कोरकार्ड आणि स्पर्धेतली जागा बदलली की बरोबर खेळ कोणता, हे बदलतं. ही गोष्ट जगात सगळ्यात स्वच्छ आकड्यांत कुठे मांडलेली असेल, तर ती बॅकगॅमनमध्ये.

आधी खेळ समजून घेऊ

फाशांच्या गोष्टी आपल्या विदर्भाला नव्या नाहीत. दमयंती विदर्भाची, आणि तिचा नल राजा फाशांवर राज्य हरला. रुक्मिणीचा भाऊ रुक्मी बलरामासोबत फासे खेळायला बसला आणि जिवानिशी गेला. त्या रुक्मिणीचं माहेर म्हणजे आपल्या अमरावती जिल्ह्यातलं कौंडिण्यपूर. त्यामुळे फाशांपासून सावध राहायचं शिक्षण आपल्याला घरूनच आहे.

बॅकगॅमन म्हणजे आपला सारीपाट नव्हे. सारीपाटाला चार हात, बॅकगॅमनला एकच पट, त्यात २४ घरं. दोन खेळाडू, प्रत्येकाच्या १५ सोंगट्या. दोन फासे टाकायचे, सोंगट्या पुढे सरकवत आपल्या घरच्या सहा घरांत आणायच्या आणि मग एकेक करून पटाबाहेर काढायच्या. ज्याच्या पंधरा आधी बाहेर, तो जिंकला. वाटेत समोरच्याची एकटी सोंगटी सापडली की मारायची, तिला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. दोन सोंगट्या एकत्र बसल्या की ते घर आपलं, तिथे कोणी येऊ शकत नाही.

मला हा खेळ माझ्या मामेभावाने शिकवला. तो दुबईला नोकरीला आहे, तिकडे कॅफेत तासन्‌तास चालतो म्हणे. लॉकडाऊनमध्ये आम्ही फोनवर खेळायला लागलो.

आता आपल्या कामाचा नियम. साधं जिंकलं तर १ पॉइंट. पण तुमच्या पंधरा बाहेर पडल्या आणि समोरच्याची एकही बाहेर पडली नसेल, तर त्याला गॅमन म्हणतात आणि २ पॉइंट मिळतात. (याहून वाईट हार असते, तिचे ३ मिळतात, पण ती क्वचित होते, आज सोडून देऊ.) दोघेही नीट खेळले आणि डाव शेवटपर्यंत गेला, तर साधारण चारातला एक डाव गॅमनने सुटतो. मी हिशोबाला शंभरात २६ धरतो.

सामना एका डावाचा नसतो. समजा ७ पॉइंटचा सामना आहे. जो आधी ७ ला पोचेल, तो जिंकला. ७ च्या वर किती गेला, याला काही किंमत नाही. बस, या एका नियमातून पुढचं सगळं निघतं.

एकाच गॅमनच्या तीन किमती

सामना नुकताच सुरू झाला, ०-०. साधी जीत आणि साधी हार यांच्यात फरक २ पॉइंटचा आहे (तुम्हाला एक मिळणं आणि त्याला एक मिळणं). गॅमनने तुम्हाला वरचा १ मिळतो. म्हणजे गॅमनची जादा किंमत या फरकाच्या निम्मी. हे झालं रोजचं, नॉर्मल दुकान.

आता स्कोर ६-६. दोघांनाही एकच हवा. इथे गॅमन केलं तरी सामना जिंकला, साधं जिंकलं तरी सामना जिंकला. गॅमनची किंमत शून्य. ही आपली जामठ्याची फायनल.

आणि आता स्कोर ५-६. तुम्ही मागे आहात, तुम्हाला २ हवेत, त्याला १. साधं जिंकलात तर ६-६, म्हणजे सामना अर्धा तुमचा, अर्धा त्याचा. गॅमन केलंत तर सामना तिथल्या तिथे तुमचा. शून्यापासून अर्ध्यापर्यंत साधी जीत नेते, अर्ध्यापासून पूर्णापर्यंत गॅमन नेतं. म्हणजे गॅमनची जादा किंमत साध्या विजयाएवढीच, पूर्ण.

शून्य, निम्मी, पूर्ण. गॅमन तेच, पण बाजारभाव स्कोर ठरवतो. आणि समोरच्याचा भाव वेगळा बरं का. ५-६ ला तुमच्या दृष्टीने गॅमन सोन्याचं आहे, पण ६ वाल्याला त्याच्या गॅमनचा काही उपयोग नाही. एकाच पटावर बसलेली दोन माणसं दोन वेगळे खेळ खेळत असतात. शेजारच्या दुकानदाराची कॉपी करू नका असं मी नेहमी म्हणतो, त्याचं कारण हेच. त्याचा फासा तुम्हाला दिसतो, त्याचा स्कोर दिसत नाही.

आता वही उघडा

स्कोर ५-६, तुम्हाला २ हवेत. असे १०० सामने समजा. दोघे सारखेच खेळाडू, म्हणून हा डाव तुम्ही ५० वेळा हरता. तिथे सामना संपला. ५० वेळा जिंकता. त्यात शंभरी २६ ने १३ गॅमन, ते १३ सामने सरळ तुमचे. उरले ३७, ते ६-६ वर गेले, त्यातले निम्मे म्हणजे साडेअठरा तुमचे. १३ आणि साडेअठरा, एकूण साडेएकतीस. म्हणजे ५-६ ला मागे असताना सामना जिंकायची आशा सुमारे ३१ ते ३२ टक्के. जाणकारांचे या खेळाचे तक्ते आहेत, तेही हाच आकडा देतात.

आता समजा तुम्ही थोडं आक्रमक खेळलात. धोका जास्त घेतला, त्यामुळे ५० ऐवजी ४८ च डाव जिंकलात, पण गॅमन १३ चे १६ झाले. हिशोब करा: १६ सरळ, उरले ३२, त्यातले निम्मे १६. एकूण ३२. डाव कमी जिंकलात आणि सामने जास्त जिंकलात! इथे पहिल्यांदा माझं डोकं चक्रावलं होतं.

थांबा, खरी गंमत पुढे आहे. स्कोर ४-६ करा. आता तुम्हाला ३ हवेत, आणखी मागे आहात. मन म्हणेल, आता तर आणखी जोरात खेळायला पाहिजे. बघू.

त्याआधी एक नियम. या खेळात दुप्पट करायचा एक ठोकळा असतो, डबलिंग क्यूब. १९२० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये ही पद्धत निघाली. आपली पाळी आली की "हा डाव दुप्पट पॉइंटचा" असं म्हणता येतं. समोरच्याने मान्य करायचं किंवा एक पॉइंट देऊन डाव सोडायचा. पण सामन्यात कोणी विजयापासून एकच पॉइंट दूर आला, की लगेचच्या पुढच्या एका डावात क्यूब वापरायचा नाही. जॉन क्रॉफर्ड या अमेरिकन खेळाडूच्या नावावरून याला क्रॉफर्ड डाव म्हणतात. त्यानंतर क्यूब मोकळा. वरचा ५-६ चा हिशोबही क्रॉफर्ड डावाचाच होता.

तर ४-६, क्रॉफर्ड डाव. तुम्ही साधे जिंकलात तर ५-६ झालं. पण आता क्यूब मोकळा आहे, म्हणून तुम्ही पुढच्या डावात पहिल्याच पाळीला दुप्पट करणार, आणि तो डाव २ चा होऊन जवळपास निम्मा-निम्मा सामना त्यावर लागणार. (पुढच्याला डाव सोडायचा एक छोटा हक्क आहे, त्याने आशा किंचित कमी होते, इतकंच.) आणि क्रॉफर्ड डाव गॅमनने जिंकलात तर? ६-६. तिथेही निम्मा-निम्मा. म्हणजे साधी जीत असो की गॅमन, तुम्ही पोचता जवळपास एकाच जागी. गॅमनची जादा किंमत जवळपास शून्य!

सावध खेळून ५० जिंकले, निम्मे म्हणजे २५. आक्रमक खेळून ४८ जिंकले, निम्मे २४. जी खेळी ५-६ ला फायद्याची होती, तीच ४-६ ला तोट्याची. मागे दोघेही आहेत. एकाला धोका घ्यायला पाहिजे, दुसऱ्याला नाही.

३-६ ला, ४ हवे असताना, गॅमन परत महाग होतं. ते तुम्ही स्वतः काढा, उत्तर साधारण १८ टक्के यायला पाहिजे. जागा पुरे म्हणून इथे करत नाही.

पहिलीच चाल बदलते ती कशी

खेळाडू याचा उपयोग डावाच्या अगदी पहिल्या चालीपासून करतात. घरं मोजायची रीत अशी: आपलं घर १ ते ६, आणि आपल्या सगळ्यात मागच्या दोन सोंगट्या २४ वर, समोरच्याच्या घरात अडकलेल्या. सुरुवातीला ५ सोंगट्या १३ वर, ३ आठवर, ५ सहावर.

पहिला फासा ६-४ पडला. तीन चाली आहेत. एक, ८ वरची आणि ६ वरची सोंगटी २ वर आणून ते घर धरायचं. दोन, मागची सोंगटी २४ वरून पळवून १४ वर आणायची. तीन, मागची १८ वर आणि एक १३ वरून ९ वर. ०-० ला या तिन्ही इतक्या जवळजवळ सारख्या आहेत की त्यावर भांडण करण्यात अर्थ नाही. पण ५-६ ला मागे असाल तर दोनचं घर धरा. समोरच्याचे दोन गडी मागे कोंडले जातात, गॅमन जास्त मिळतात. तुम्ही ६ वर असाल आणि समोरच्याला २ हवेत, तर उलट. तुमचं काम गॅमन न देणं, म्हणून मागच्या सोंगट्या बाहेर काढण्याकडे कल ठेवा.

४-३ पडला. गॅमन हवं असेल तर १३ वरून दोन सोंगट्या खाली आणा, एक १० वर, एक ९ वर. हल्ल्याला माल जवळ येतो. गॅमन टाळायचं असेल तर २४ वरची एक २० वर सरकवा. समोरच्याच्या घरात आपल्याला पाय रोवायला एक सुरक्षित जागा मिळाली की गॅमनची भीती खूप कमी होते.

२-१ तर माझा आवडता. एक चाल अशी की १३ ची ११ वर आणि ६ वरची एक सोंगटी एकटीच ५ वर ठेवायची. पाचवं घर पटावरचं मोक्याचं, जणू राजकमल चौकातला कोपरा. पुढच्या पाळीला ते झाकता आलं तर उत्तम. पण समोरच्याचे ३६ पैकी १५ फासे तिला मारतात. दुसरी चाल सावध: ११ वर एक आणि २४ ची २३ वर. जुने खेळाडू पाचवर एकटी सोंगटी ठेवायचे, छातीठोक. मग १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएममधल्या जेराल्ड टेसॉरो यांनी टीडी-गॅमन नावाचा प्रोग्राम केला, तो स्वतःशीच लाखो डाव खेळून शिकला. त्याचे डाव बघून उस्तादांनी २-१, ४-१, ५-१ ला ही सवय सोडायला सुरुवात केली. पण ५-६ ला मागे असलेला खेळाडू मात्र आजही २-१ ला पाचवर सोंगटी ठेवतो. आणि ६ वर बसलेला, समोरच्याला गॅमन हवं असताना, तिला हातही लावत नाही.

माझा स्कोर मी वाचला नव्हता

आता हे सगळं मला शिकावं का लागलं, ते सांगतो. हे व्हिडिओत सांगायचं धाडस झालं नव्हतं.

माझं दुकान स्कूल बॅग, छत्र्या, रेनकोटचं. २०१६ मध्ये मुद्रा योजनेतून किशोर गटात चार लाखांचं कर्ज घेतलं, पाच वर्षांचं. फेब्रुवारी २०२० ला फक्त १४ हप्ते उरले होते. बँकेत राखीव १ लाख ९० हजार. माझा महिन्याचा बांधील खर्च, म्हणजे भाडं, हप्ता, दोन पोरांचे पगार, लाईट, हे ३८ हजार. म्हणजे पाच महिने दुकान बंद राहिलं तरी मी उभा राहिलो असतो. पॉइंटच्या भाषेत मी ६ वर होतो. एक हवा होता.

तेव्हा एका होलसेलरने स्कीम दिली: फेब्रुवारीअखेर पूर्ण पैसे भरून जूनचा माल बुक करा, १२ टक्के कमी. माझी दरवर्षीची ऑर्डर १ लाख २० हजारांची. मी २ लाख ८० हजारांची दिली. वरचे १ लाख ६० हजार राखीवमधून काढले. खात्यात ३० हजार उरले.

बाबा संध्याकाळी दुकानात येऊन बसतात. ते म्हणाले, "इतका माल कायले भरून राह्यला रे बापू? दुकान चालूनच राह्यलं ना?" मी बीबीए. मी त्यांना सांगितलं, "बाबा, रिस्क घेतल्याशिवाय रिटर्न नाही." ते काही बोलले नाहीत.

२४ मार्चच्या रात्री लॉकडाऊन जाहीर झाला. जूनमध्ये शाळा उघडल्याच नाहीत. फेब्रुवारी २०२१ मध्ये कुठे जरा हलायला लागलं, तर आपल्या अमरावतीत पुन्हा लॉकडाऊन लागला. दोन सीझन गेले. बँकेचे हप्ते काही महिने पुढे ढकलायची सवलत मिळाली म्हणून तेवढं निभावलं. भाड्यासाठी बाबांनी त्यांच्या रिटायरमेंटची एफडी मोडली, ८५ हजारांची. रेनकोट गोडाऊनच्या उन्हाळ्यात एकमेकांना चिकटले. ते सोडवताना फाटायचे, तो आवाज मला अजून ऐकू येतो.

लोक म्हणतात, कोरोना कोणाला माहीत होता? खरं आहे. फासा वाईट पडला. पण मी त्या ऑर्डरचा हिशोब नंतर स्वच्छ मांडला, कोरोना बाजूला ठेवून. समजा सगळा माल विकला असता. मला वरचे पन्नास-साठ हजार मिळाले असते. त्याने काय बदललं असतं? कर्ज सहा हप्ते आधी फिटलं असतं. बस. दुकान तेच, जागा तीच, मीही तोच. जे मला १४ महिन्यांत आपोआप मिळणार होतं, ते आठ महिन्यांत मिळालं असतं. आणि हरलो तर साधा तोटा नव्हता. राखीव संपल्यामुळे हार झाली की ती गॅमनचीच होणार होती. म्हणजे मला गॅमन जिंकून शून्य आणि गॅमन हरून सगळं, अशा स्कोरवर मी ५-६ च्या मागच्या खेळाडूसारखा खेळलो. शाळा वेळेवर उघडल्या असत्या तरी ती चाल चूकच होती, फक्त मला कधी कळली नसती.

मग मागे असलेल्याने काय करावं?

अकोल्याच्या बॅचमध्ये एक ताई होत्या. मसाले आणि वाळवणाचं काम, गांधी रोडच्या आतल्या बाजूला छोटा गाळा भाड्याने. तीन महिन्यांत करार संपत होता, आणि दिवाळीपर्यंत अमुक एवढी रक्कम जमली नाही तर गाळा सोडायचा हे ठरलेलं. त्या काय करत होत्या? किराणा दुकानांत पाच-दहा पाकिटं ठेवायच्या. सुरक्षित, पण त्या वेगाने दिवाळीपर्यंत निम्मीही रक्कम जमत नव्हती. तेव्हा एका पतसंस्थेची सभासदांसाठी फराळ-मसाला बॉक्सची मोठी ऑर्डर समोर आली. कच्चा मालच साठ हजारांचा.

"सर, फसलं तर?"

"ताई, नाही घेतली तर?"

त्या गप्प बसल्या. ५-६ चा स्कोर होता हा. साधं साधं जिंकून भागत नव्हतं, आणि मोठी जीत त्यांना नेमकी पाहिजे तिथे नेत होती.

पण इथे पट आणि संसार यांत एक मोठा फरक आहे, आणि तो न समजल्यामुळे माणसं बुडतात. क्रॉफर्ड डावात मागचा खेळाडू गॅमनने हरला तरी सामना एकदाच हरतो. आयुष्यात तसं नाही. तिथे शून्याच्या खाली जाता येतं, सावकार असतात, मंगळसूत्र गहाण पडतं. म्हणून ताईंना मी सांगितलं की ऑर्डर घ्या, पण निम्मे पैसे आगाऊ घेतल्याशिवाय तेल-बेसन आणू नका. पंधरा दिवस घासाघीस झाली, निम्मे आगाऊ मिळाले. अकरा बॉक्स तेलकट झाले म्हणून परत आले, बाकी गेले. गाळा आहे अजून.

त्याच बॅचमध्ये एक मुलगा होता, मोबाईल ॲक्सेसरीजचं दुकान. त्याची अवस्था ताईंपेक्षा वाईट, म्हणून त्याला ताईंपेक्षा मोठी उडी घ्यायची होती. यात्रेत स्टॉल लावून एका महिन्यात दुप्पट धंदा करायचा विचार. मी विचारलं, तुला नेमकं काय हवंय? तर बँकेची कॅश क्रेडिट लिमिट. आणि बँकेने त्याला सांगितलं होतं, सहा महिने खातं नियमित फिरलेलं दाखव. आता सांगा, एका महिन्यात दुप्पट धंदा केला म्हणून सहा महिन्यांचे तीन होतात का? तो ४-६ वर होता. गॅमन करूनही तिथेच पोचणार होता, जिथे साध्या विजयाने पोचला असता. स्टॉलचे पैसे वाचवून रोज संध्याकाळी गल्ला बँकेत भर, एवढंच सांगितलं. त्याला ते फार आवडलं नाही. तरुण आहे.

सीझनची ऑर्डर द्यायच्या आधी मी आता वहीच्या मागच्या पानावर चार आकडे लिहितो: हातात किती महिने आहेत, मला पोचायचंय कुठे, साधं जिंकलो तर कुठे पोचेन, मोठं जिंकलो तर कुठे. तिसरा आणि चौथा आकडा सारखाच आला, की स्कीमचा कागद ड्रॉवरमध्ये जातो. बाबांच्या एफडीचे पैसे २०२३ मध्ये परत केले. व्याज त्यांनी घेतलं नाही.

ज्यांना खेळून बघायचं आहे, त्यांनी कम्प्युटरवर जीएनयू बॅकगॅमन घ्या, फुकट आहे आणि तुमची चूक किती मोठी ते आकड्यात सांगतं. सामना ७ चा ठेवा. प्रत्येक डावाच्या आधी "मला इतके हवेत, त्याला इतके" हे मोठ्याने म्हणा, मगच फासे टाका. पहिले आठ-दहा सामने बावळटासारखं वाटतं, नंतर सवय होते.

काल रात्री मामेभावासोबत ५-६ झालं होतं, मी मागे, क्रॉफर्ड डाव. पहिलाच फासा ६-४ पडला. मी दोनचं घर धरलं. हरलो. रविवारी पुन्हा बसतोय.